सबटायटलचा फॉरमॅट निवडताना: आधी व्हिडिओचं ठिकाण, मग फाइल

अपलोड करताना ‘फाइल वाचता आली नाही’ असा संदेश आला की बहुतेकांचा हात आधी फाइलच्या नावाकडे जातो. एसआरटी (सबटायटल फाइलीचा सर्वांत साधा प्रकार) चालत नाही? शेवटची तीन अक्षरं खोडून व्हीटीटी लिहा. तेही नाही? मग नेटवर सापडेल त्या कन्व्हर्टरमधून काढा. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की फाइल एकतर उघडतच नाही, किंवा उघडते आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

चुकतो तो क्रम. हातात फाइल आहे म्हणून ती कुठेतरी बसवायची, असं काम होतं. ते उलट करा. व्हिडिओ कुठे चालणार हे ठरलं की निवड दोन-तीन फॉरमॅटवर येते, आणि उरलेला वेळ खऱ्या दुखण्यांना देता येतो. ती दुखणी म्हणजे एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवण्याची पद्धत), एक स्वल्पविराम आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं सरकतात तो आकडा).

## पायरी १ : फाइल उघडण्याआधी तीन उत्तरं लिहून काढा

व्हिडिओ कुठे चालणार? ‘ऑनलाइन’ हे उत्तर नाही. यूट्यूब, फेसबुक, स्वतःच्या साइटवरचा प्लेअर, की कुणी डाउनलोड करून व्हीएलसीत बघणार? दोन-तीन ठिकाणी असेल तर सगळी नावं लिहा.

प्रेक्षकाला सबटायटल्स बंद-चालू करता यायला हवीत का? हवी असतील तर वेगळी फाइल लागते. चित्रातच छापायची असतील, म्हणजे बर्न करायची असतील, तर अपलोडच्या फॉरमॅटचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा प्रश्न असतो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला काय कळतं हा.

अक्षरांचा रंग, जागा, फॉन्ट यांना खरंच महत्त्व आहे का? इथे प्रामाणिक राहा. बहुतेक कामांत उत्तर ‘नाही’ असतं. पडद्यावर खाली आधीच नावपट्टी आहे म्हणून ओळ वर न्यायची, एवढीच गरज असेल तर ती ‘जागा’ झाली, ‘शैली’ नव्हे. दोन्हींची औषधं वेगळी.

## पायरी २ : ठिकाणावरून फॉरमॅट ठरवा

एसआरटी. साधा मजकूर, क्रमांक, वेळ, संपलं. याला कुठल्या संस्थेचं अधिकृत प्रमाण नाही, तरी जवळपास सगळीकडे चालतो. यूट्यूब, फेसबुक, लिंक्डइन, व्हीएलसी यांच्यासाठी हाच पुरेसा. काही सुचत नसेल तर एसआरटी द्या, वाया जात नाही.

व्हीटीटी. पूर्ण नाव वेबव्हीटीटी. स्वतःच्या साइटवर ब्राउझरच्या व्हिडिओ टॅगमध्ये सबटायटल जोडायची असतील तर हाच. ब्राउझरचा ट्रॅक टॅग (पानाच्या कोडमध्ये सबटायटल फाइल जोडणारी ओळ) एसआरटी थेट वाचत नाही. साइटवर एसआरटी चालताना दिसते तेव्हा तिथलं एखादं प्लेअर ती आत बदलून घेत असतं. ओळीची जागा सांगण्याची सोयही यात आहे. विमिओवरही व्हीटीटीला पसंती आहे.

एएसएस. फॉन्ट, रंग, सावली, ओळीची हालचाल, दोन पात्रांच्या ओळी दोन ठिकाणी असं सगळं यात लिहिता येतं. व्हीएलसी, एमपीव्ही यांसारख्या प्लेअरमध्ये किंवा एमकेव्ही फाइलच्या आत छान दिसतं. यूट्यूबच्या स्वीकारायच्या फॉरमॅटमध्ये मात्र हा नाही. माझ्या मते एएसएसचा खरा उपयोग बर्न करताना होतो.

टीटीएमएल. एक्सएमएलमध्ये लिहिलेला. मोठे स्ट्रीमिंग मंच आणि प्रसारण कंपन्या हा मागतात. मागितला तरच द्या, आणि त्यांनी कोणतं प्रोफाइल (म्हणजे नियमांचा संच) सांगितलंय ते शब्दशः पाळा. हौसेने या वाटेला जाऊ नका.

एससीसी आणि ईबीयू एसटीएल. टीव्हीच्या जगातले जुने फॉरमॅट. एससीसी ज्या ६०८ कॅप्शन पद्धतीवर उभा आहे तिच्यात एका ओळीत ३२ अक्षरं मावतात, तीही लॅटिन लिपीची. देवनागरीला तिथे जागाच नाही. ईबीयू एसटीएलच्या अक्षरतक्त्यांतही देवनागरी नाही. मराठी सबटायटल्स कुणी या फॉरमॅटमध्ये मागितली, तर फाइल बनवायला बसण्याआधी फोन करून विचारा.

> इशारा : ‘सब’ एक्स्टेन्शनची फाइल मिळाली तर लगेच विश्वास ठेवू नका. या एकाच एक्स्टेन्शनखाली निदान दोन वेगळे प्रकार फिरतात. एकात मजकूर आणि फ्रेमचे आकडे असतात. दुसऱ्यात, सोबत ‘आयडीएक्स’ फाइल असते त्यात, अक्षरांची चित्रं असतात. चित्रांवरून मजकूर काढायला ओसीआर लागतं, साधं रूपांतर पुरत नाही.

## पायरी ३ : एकच मूळ फाइल ठेवा

यूट्यूबसाठी एक, फेसबुकसाठी एक, साइटसाठी एक अशा तीन फाइली हाताने सांभाळू नका. पहिल्या दिवशी तिन्ही सारख्या असतात. चौथ्या दिवशी एकीत शुद्धलेखन दुरुस्त झालेलं असतं, दुसरीत नाही.

साधं काम असेल तर मूळ फाइल एसआरटी. शैली लागणार असेल तर मूळ फाइल एएसएस. बाकीच्या सगळ्या तिच्यातून काढायच्या आणि दुरुस्ती फक्त मुळात करायची. एएसएसमधून एसआरटी सहज निघते, पण रंग, फॉन्ट आणि जागा त्यात सहसा गळून पडतात. पुन्हा एएसएस केली तरी ते परत येत नाहीत. हा रस्ता एकेरी आहे.

एसआरटीचा एक तुकडा असा दिसतो:

१
००:००:०४,२०० --> ००:००:०६,९००
कॅमेरा सुरू आहे का?

२
००:००:०७,१०० --> ००:००:०९,४००
सुरू आहे,
तुम्ही बोला.

नमुना तसाच कॉपी करू नका. इथे वाचण्यासाठी आकडे देवनागरीत आहेत. फाइलमध्ये क्रमांक आणि वेळ इंग्रजी आकड्यांतच लागते. मराठी कीबोर्ड चालू ठेवून वेळ दुरुस्त केली की ०४ देवनागरीत जातं आणि प्लेअर ती ओळ गाळतो. मजकुरात मात्र देवनागरी आकडे खुशाल वापरा.

यापेक्षा फसवी चूक विसर्गाची. तास, मिनिटं आणि सेकंद यांच्यामध्ये कोलन लागतो, आणि मराठी कीबोर्डवरून टाइप झालेला विसर्ग पडद्यावर हुबेहूब कोलनसारखा दिसतो. माझी एक संपूर्ण संध्याकाळ यात गेली आहे. चाळीसाव्या ओळीनंतर सबटायटल्स थांबत होती, मी फाइल पन्नासदा वाचली, प्रत्येक वेळी ती बरोबरच वाटली. शेवटी फाइंडमध्ये विसर्ग टाकून शोधलं. ‘दुःख’ आणि ‘स्वतः’ यांच्यासोबत वेळेच्या ओळीतला तो एक विसर्गही सापडला. तेव्हापासून वेळेला हात लावायच्या आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणतो.

नमुन्यात आणखी तीन गोष्टी नीट पाहा:

- सेकंदानंतर स्वल्पविराम, मग मिलीसेकंदांचे बरोबर तीन आकडे.
- बाण म्हणजे दोन हायफन आणि एक ‘पेक्षा मोठं’ चिन्ह, दोन्ही बाजूंना एकेक जागा.
- प्रत्येक तुकड्यानंतर एक रिकामी ओळ. संवादाच्या मध्ये रिकामी ओळ सोडली तर तुकडा तिथेच संपला असं धरलं जातं आणि पुढचं वाक्य हरवतं.

> इशारा : सबटायटल फाइल वर्डमध्ये उघडून दुरुस्त करू नका. दोन हायफन आणि पुढचं चिन्ह मिळून वर्ड त्याचा एक सुबक बाण बनवून टाकतं. दिसायला छान, प्लेअरला अगम्य. नोटपॅड वापरा, किंवा सबटायटल एडिट, एजीसब यांसारखं खास सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट आहेत.

## पायरी ४ : एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे याची खात्री

प्रश्नचिन्हं, चौकटी किंवा ‘à¤’ अशी विचित्र अक्षरं दिसली की लोक फॉरमॅटला दोष देतात. फॉरमॅटचा इथे काही संबंध नसतो.

‘à¤’ची माळ दिसत असेल तर फाइल बहुधा ठीक आहे, फक्त वाचणाऱ्याने चुकीचं एन्कोडिंग धरलंय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं समजून वाचले की ही माळ तयार होते. एन्कोडिंग बदलून फाइल पुन्हा उघडा, मजकूर परत येईल.

खरोखरची प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बातमी वाईट आहे. फाइल ‘अन्सी’ एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली, त्यात देवनागरी मावत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह कायमचं लिहिलं गेलं. तिथून मराठी परत मिळत नाही. मागची प्रत शोधा.

तिसरा प्रकार : मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेला असतो. टाइप करणाऱ्याच्या संगणकावर सुरेख मराठी, बाकी सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा. अशा मजकुराचं आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, मगच सबटायटलच्या कामाला लागा.

नोटपॅडमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ उघडा, खाली एन्कोडिंगच्या यादीत यूटीएफ-८ निवडा. त्याच यादीत ‘विथ बॉम’ असलेला पर्यायही असतो. तो टाळा. फाइलच्या सुरुवातीला असलेल्या त्या अदृश्य खुणेमुळे काही प्लेअर पहिली सबटायटल गिळतात.

> तपासा : ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘स्त्री’, ‘क्षितिज’, ‘किल्ली’ हे शब्द असलेली एक खोटी ओळ फाइलमध्ये टाका आणि प्लेअरमध्ये चालवून बघा. काही टायपिंग पद्धतींत ‘ऱ्य’मधला अर्धा र एका अदृश्य जोडचिन्हाने बनतो. फाइल ‘साफ’ करून देणारी साधनं ते चिन्ह कचरा समजून काढतात, आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. तपासून झालं की खोटी ओळ काढायला विसरू नका.

## पायरी ५ : एसआरटीची व्हीटीटी करताना

नाव बदलून रूपांतर होत नाही. या दोन फॉरमॅटमध्ये फरक थोडे आहेत, पण प्रत्येक जीवघेणा.

१. पहिल्या ओळीत डब्ल्यू, ई, बी, व्ही, टी, टी ही सहा इंग्रजी अक्षरं, सगळी कॅपिटल, मध्ये जागा नाही. त्याखाली एक रिकामी ओळ. ही ओळ नसेल तर ब्राउझर पूर्ण फाइल नाकारतो.

२. वेळेच्या ओळीतल्या प्रत्येक स्वल्पविरामाचा टिंब. मथळा बरोबर आणि स्वल्पविराम तसेच राहिले, तर ब्राउझर फाइल स्वीकारतो, तक्रार करत नाही, आणि एकही सबटायटल दाखवत नाही. ‘फाइल लोड होते पण काही दिसत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी इथेच बघतो.

३. मजकुरातले ‘अँड’चं चिन्ह आणि ‘पेक्षा लहान’चं चिन्ह यांना व्हीटीटीत वेगळा अर्थ आहे, त्यांचे एचटीएमएलसारखे संकेत लिहावे लागतात. संवादात सहसा ही चिन्हं येत नाहीत. प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या व्हिडिओत हमखास येतात.

> इशारा : फाइंड-रिप्लेस करून फाइलमधला प्रत्येक स्वल्पविराम टिंबात बदलू नका. संवादातले स्वल्पविरामही जातील आणि ‘सुरू आहे, तुम्ही बोला’ची दोन तुटक वाक्यं होतील. सबटायटल एडिटमध्ये फाइल उघडा, ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये व्हीटीटी निवडा, काम संपलं.

काही एसआरटी फाइलींत ओळीच्या सुरुवातीला महिरपी कंसात एक इंग्रजी संकेत आणि ८ असा आकडा दिसतो. तो एएसएसमधून आलेला असतो, अर्थ ‘ही ओळ वर दाखवा’. काही प्लेअर तो पाळतात, ब्राउझर तो जसाच्या तसा पडद्यावर छापतो. व्हीटीटीत तो काढा आणि वेळेच्याच ओळीत, शेवटी, जागेची सूचना लिहा.

## पायरी ६ : वेळ सरकतेय की ताणली जातेय?

हे फॉरमॅटचं काम नाही असं वाटेल. पण ‘व्हीटीटी केल्यावर वेळ बिघडली’ असं म्हणणाऱ्यांची वेळ आधीच बिघडलेली असते. पहिला संवाद आणि शेवटचा संवाद, एवढे दोनच तपासा.

दोन्ही सारखेच उशिरा किंवा लवकर : सुरुवातीला लोगो जोडला गेलाय किंवा कापला गेलाय. सगळी फाइल तेवढ्या सेकंदांनी सरकवा.

पहिला बरोबर, शेवटचा चुकलेला : फ्रेमरेटचा घोळ. तासाभराच्या व्हिडिओत साधारण साडेतीन सेकंदांचा फरक पडला तर २४ आणि २३.९७६ यांची (किंवा ३० आणि २९.९७ यांची) गल्लत. तासाला अडीच मिनिटांच्या आसपास फरक असेल तर २५ आणि २३.९७६. सरकवून हे सुटत नाही, कारण सुरुवात बिघडते. सॉफ्टवेअरमधला ‘चेंज फ्रेमरेट’ पर्याय वापरा.

मध्येच एका जागी अचानक उडी : व्हिडिओची दुसरी आवृत्ती आहे, तिथे एखादा प्रसंग कमी-जास्त झालाय. उडीच्या जागेनंतरच्या ओळी तेवढ्या सरकवा.

वाचनाच्या वेळेबद्दल एक मोजमाप हाताशी ठेवा. नेटफ्लिक्सच्या सर्वसाधारण नियमांत एक सबटायटल जास्तीत जास्त ७ सेकंद दिसते आणि ओळी दोनच असतात. प्रति सेकंद अक्षरांचा आकडा दाखवून सॉफ्टवेअर मराठी ओळ लाल करत असेल तर घाबरू नका. ‘क्षि’ आपण एक अक्षर म्हणून वाचतो. सॉफ्टवेअर क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं मोजू शकतं. ओळ मोठ्याने वाचून बघा, ती वेळेत संपते का. माझा भरवसा त्यावर जास्त आहे.

## पायरी ७ : बर्न करणार असाल तर

एएसएस फाइल बनवा, त्यात देवनागरी असलेला फॉन्ट नावानिशी द्या (नोटो सान्स देवनागरी चालतो) आणि ज्या संगणकावर व्हिडिओ तयार होणार त्याच संगणकावर तो फॉन्ट बसवा. तुमच्या लॅपटॉपवर फॉन्ट आहे आणि एडिटरच्या संगणकावर नाही, तर तिथलं सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने दुसरा फॉन्ट घेतं.

पूर्ण व्हिडिओ काढण्याआधी ३० सेकंदांचा तुकडा काढा. ‘किल्ली’तली पहिली वेलांटी क च्या नंतर दिसली, किंवा ‘स्त्री’ पाय मोडून सुटी पडली, तर ते सॉफ्टवेअर भारतीय लिपींची जोडणी नीट करत नाही. फॉन्ट बदलून ते सुधारत नाही, एक्स्पोर्टचं साधन बदलावं लागतं.

आणि सबटायटल नसलेली व्हिडिओची स्वच्छ प्रत जपून ठेवा. चित्रात छापलेली चूक पुसता येत नाही.

## पायरी ८ : नाव, अपलोड, आणि अनोळखी डोळ्यांनी तपासणी

फाइलचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवा, टिंबानंतर मराठीचा संकेत ‘एमआर’ इंग्रजी लहान अक्षरांत, मग एक्स्टेन्शन. व्हीएलसी अशी फाइल त्याच फोल्डरमधून आपोआप उचलतं. फेसबुकसाठी संकेतात भाषा आणि देश दोन्ही लागतात, मध्ये अंडरस्कोर. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपलेलं असतं. ‘एसआरटी’च्या मागे न दिसणारं ‘टीएक्सटी’ चिकटलेलं नाही ना, ते ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करून बघा.

यूट्यूबवर फाइल देताना ‘विथ टायमिंग’ निवडा. ‘विदाउट टायमिंग’ हा पर्याय वेळ नसलेल्या मजकुरासाठी आहे.

स्वतःच्या साइटवर सबटायटल दिसत नसतील तर या क्रमाने बघा:

- पान थेट फोल्डरमधून डबल-क्लिक करून उघडलंय का? अनेक ब्राउझर अशा वेळी सुरक्षेच्या कारणाने ट्रॅक फाइल घेत नाहीत. लोकल सर्व्हर (आपल्याच संगणकावरचा सर्व्हर) चालवून बघा.
- ट्रॅक टॅगला ‘डीफॉल्ट’ दिलंय का? ते नसेल तर सबटायटल प्रेक्षकाने चालू केल्यावरच दिसतात. फाइल बरोबर असते, आपण उगाच ती दुरुस्त करत बसतो.
- व्हीटीटी दुसऱ्या डोमेनवर ठेवलीय का? मग त्या सर्व्हरने परवानगीचा हेडर पाठवायला हवा आणि व्हिडिओ टॅगमध्येही तसा उल्लेख हवा.

सगळं दिसायला लागलं की फोनवर, लॉग-इन न करता, खासगी विंडोत व्हिडिओ उघडा. सुरुवात, मधला एक भाग आणि शेवट बघा. चूक सापडली तर ती मूळ फाइलमध्ये दुरुस्त करा, तिथून फाइली पुन्हा काढा, आणि मंचावरचा जुना ट्रॅक आधी काढून टाका. नाहीतर यादीत ‘मराठी’ दोनदा दिसेल, आणि प्रेक्षक नेमका जुनाच निवडेल.